पंधरा हजारांत नायट्रो गाडी : माझा अनुभव

खर्चायला माझ्याकडे पंधरा हजार रुपये होते आणि बॅटरीवर चालणारी रिमोटची गाडी मला नको होती. मला इंजिनाची गाडी हवी होती. दोरी ओढून चालू होणारी, सायलेन्सरमधून निळसर धूर सोडणारी, मागे जळक्या एरंडेलाचा वास ठेवून जाणारी. एवढ्या पैशांत हे जमत नाही असं बऱ्याच जणांनी सांगितलं. जमतं. मात्र पैसे कशावर घालायचे याचा क्रम नेहमीपेक्षा वेगळा लावावा लागतो.

इंधनावर चालणाऱ्या आरसी, म्हणजे रिमोटच्या, गाड्यांत मुख्य प्रकार दोन. पहिला पेट्रोलचा. या गाड्या मोठ्या असतात, खऱ्या गाडीच्या एक पंचमांश मापाच्या. त्यांना २३ ते ३० सीसीच्या आसपासचं टू-स्ट्रोक इंजिन असतं आणि पेट्रोलमध्ये २५ ला १ या प्रमाणात टूटी ऑइल घातलं की काम भागतं. इंधन स्वस्त पडतं, पण जुनी गाडीसुद्धा माझ्या बजेटच्या कितीतरी पुढे होती. दुसरा प्रकार नायट्रो, म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणारा. इथे गाडी लहान, एक दशांश मापाची, इंजिन तीन सीसीच्या आतबाहेर. गाडी परवडते, इंधन महाग. माझा निर्णय इथेच झाला.

नवी कोरी गाडी बाहेरून मागवायचा विचार लगेच सोडला. आपल्याकडे खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. कस्टमने पार्सल खेळणं म्हणून धरलं तर हिशेब तिथेच संपतो. म्हणून जुनी गाडी शोधली, आणि तीही मुद्दाम इंजिन गेलेली.

नायट्रो गाडी विकायला निघते ती बहुतेक वेळा चालू होत नाही म्हणून. मालकाच्या लेखी अख्खी गाडीच मेलेली असते. प्रत्यक्षात चासी, गिअर, शॉक अब्सॉर्बर, रिमोट सगळं ठीक असतं. पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) तेवढे झिजलेले असतात. पुण्यातल्या एका विद्यार्थ्याकडे एचएसपी ९४१८८ होती. चिनी कंपनीचा, एक दशांश मापाचा मॉन्स्टर ट्रक. दिसायला साधा, पण सुटे भाग मिळतात, आणि कमी पैशांत सुरुवात करणाऱ्याने माझ्या मते आधी तेवढंच बघावं. रिमोटसकट साडेचार हजारांत ठरली.

इंजिन गेलंय हे कळायला फार वेळ लागत नाही. ग्लो प्लग (इंधन पेटवणारा प्लग) घट्ट लावून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवरचं जड चाक, हाताने फिरवायचं. पिस्टन वर पोचताना चांगलं इंजिन अडतं, जोर लावावा लागतो. याला पिंच म्हणतात. हे इंजिन अडखळल्याशिवाय गोल फिरत होतं. मग बाकीचं तपासलं: चासीची प्लेट सपाट आहे का, चारही चाकं मोकळी फिरतात का, डिफरन्शिअलमध्ये कचकच आहे का, स्पर गिअरचे, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे नेणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाचे, दात शाबूत आहेत का. तेवढं बघून पैसे दिले. नवीन .१८ चं इंजिन, म्हणजे ०.१८ घन इंचाचं, जवळपास तीन सीसी, आणखी साडेचार हजारांना मिळालं. असं इंजिन घेताना एक्झॉस्ट बाजूला आहे की मागे, शाफ्ट किती लांब आहे आणि माउंटच्या भोकांचं अंतर किती, हे जुन्या इंजिनाशी जुळवूनच घ्यावं.

बेअरिंगं मात्र हॉबीच्या दुकानातून घेतली नाहीत. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे उद्यमनगर ही कारखान्यांची वसाहत आहे आणि तिथे माप सांगितलं की बेअरिंग मिळतं. ॲक्सलला १० बाय १५ बाय ४, क्लच बेलला (क्लचवर बसणाऱ्या वाटीला) ५ बाय १० बाय ४ मिलिमीटर. दुकानातल्या काकांनी विचारलं, “एवढं बारकं कशाला ओ?” गाडी दाखवली तर त्यांनी ती पालथी केली, चाकं फिरवून बघितली आणि म्हणाले, “६७०० झेडझेड लागतंय. दुसरं एमआर १०५. क्लचचं जादा घेऊन ठेवा, ते लवकर जाणार.” अगदी तसंच झालं. क्लच बेलचं बेअरिंग इंजिनाच्या तोंडाशी बसतं, तापतं, फिरतंही सगळ्यात वेगात.

आता इंधन, कारण या छंदात खरी अडचण तीच आहे. नायट्रो इंधनात तीन गोष्टी असतात: मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. गाड्यांसाठी नायट्रोमिथेन साधारण १६ ते ३० टक्के असतं. पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने जवळपास १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला ६.४, नायट्रोमिथेनला फक्त १.७, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणून एवढ्याशा सिलिंडरमध्ये जास्त इंधन जाळता येतं आणि ताकद येते. तेल वेगळं कुठे घालायचं नसतं. इंधनातून येतं तेवढंच वंगण. कार्ब्युरेटरची सुई, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, आवळून इंधन कमी केलं की तेलही कमी होतं, आणि इंजिन एकाच वेळी तापतं आणि कोरडं पडतं. पुढचं सगळं ट्यूनिंग या एका गोष्टीभोवती फिरतं.

घरी मिश्रण करू का, असं एनसीसीच्या एअर विंगमधल्या मुलांना मॉडेल विमानं शिकवलेल्या एका निवृत्त सरांना विचारलं. ते स्पष्टच म्हणाले, “अरे, मिथेनॉलच्या वाटेला जाऊ नकोस. परवाना लागतो, आणि लागायलाच हवा.” २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. कातडीतूनही शरीरात शिरतं. सरांकडे विमानांचं इंधन होतं, पण ते बिननायट्रोचं, ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल. गाडीचं इंजिन त्यावर नीट आयडलला, म्हणजे गाडी उभी असतानाच्या कमी वेगाला, टिकत नाही. म्हणून पुण्याच्या दुकानातून २० टक्के नायट्रोचं तयार, सीलबंद इंधन घेतलं. कुरिअरवाले ते घेत नाहीत, एसटीत ज्वलनशील माल नेता येत नाही. स्वतःच्या गाडीने येणाऱ्या मित्राकडून दोन लिटर आणवलं. सव्वीसशे रुपये गेले. माझ्या गाडीची टाकी ७५ सीसीची आहे. एका लिटरमध्ये तेरा टाक्या, एका टाकीत सात-आठ मिनिटं. म्हणजे लिटरभरात दीड ते पावणेदोन तास. हा आकडा आधीच मनाशी धरला की पुढे जीव हळहळत नाही. डबा उघडला की मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून बूच लगेच लावायचं आणि डबा सावलीत ठेवायचा.

उरलेल्या पैशांत ग्लो इग्नायटर चार्जरसकट, दोन जादा ग्लो प्लग, रिचार्जेबल सेल, थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक), फिल्टरचं तेल आणि चार तोंडांचा पाना आला. या इंजिनात स्पार्क नसतो. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार असते. इग्नायटरच्या दीड व्होल्टाने ती लाल होते, आणि एकदा इंजिन चालू झालं की मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांच्या अभिक्रियेने, शिवाय आतल्या उष्णतेने ती आपोआप तापलेली राहते. इंजिन चालू होत नसेल तर आधी प्लग काढून इग्नायटरला लावून बघावा. तार झगझगीत नारिंगी दिसली नाही तर दोरी ओढून खांदा दुखवण्यात अर्थ नाही.

रिसिव्हरची, म्हणजे गाडीत रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागाची, बॅटरी हा काटकसर करण्याचा भाग नव्हे. बॅटरीवरची गाडी सिग्नल गेल्यावर बहुधा थांबते. नायट्रोचं इंजिन रिमोटवर अवलंबून नसतं. सर्व्हो (थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर) ज्या स्थितीत मेला तिथे थ्रॉटल उघडा राहिला तर तीन किलोच्या आसपासचं यंत्र पूर्ण वेगाने कुणाच्याही पायावर जाऊ शकतं. म्हणून कार्ब्युरेटरला परतीची स्प्रिंग लावली, फेलसेफ (सिग्नल गेला की सर्व्होला ठरलेल्या जागी नेणारी सोय) ब्रेकवर सेट केला, आणि मैदानात जायच्या आधी रिमोट बंद करून बघायची सवय लावून घेतली.

ब्रेक-इनचं, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवण्याचं, काम मला सगळ्यात आवडलं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, स्लीव्ह पितळेची आणि आतून क्रोमचा मुलामा. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, त्यामुळे थंड इंजिनात पिस्टन वर जाऊन अडकतो. तापल्यावर स्लीव्ह पिस्टनपेक्षा जास्त फुगते आणि हवी तेवढी फट तयार होते. म्हणजे नवं इंजिन थंड असताना ओढत बसलं तर पिस्टनची कड झिजते आणि कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. मी केसांच्या ड्रायरने इंजिनाचं हेड चांगलं गरम करून मगच दोरी ओढायचो, तीही हातभर नाही, वीतभरच. पूर्ण ओढली की दोरी तुटते. दोरी दगडासारखी अडली तर प्लग अर्धा आटा सैल करायचा. टाकीतलं इंधन जास्त जाऊन सिलिंडर भरला असेल तर प्लग काढायचा, गाडी उलटी धरायची, दोरी ओढून इंधन बाहेर टाकायचं.

पहिली टाकी गाडी ठोकळ्यावर ठेवून, चाकं हवेत, सुई बरीच उघडी ठेवून नुसती आयडलला. सायलेन्सरमधून तेल टपकतं, धूर दाट येतो, इंजिन गुरगुरत राहतं. त्यानंतर पूर्ण थंड होऊ द्यायचं, आणि थंड होताना पिस्टन खाली हवा, नाहीतर आकसणारी स्लीव्ह त्याला आवळते. फ्लायव्हीलवर मार्करने खूण करून ठेवली की हे बघायला सोपं जातं. पुढच्या टाक्यांना मैदानात हळू फेऱ्या, पाव थ्रॉटल, मग अर्धा, मध्ये मध्ये क्षणभर जास्त आणि लगेच सोडायचा. साधारण पाच-सहा टाक्या हेच चालतं. मी हे डिसेंबरच्या थंडीत केलं, त्यामुळे हेड तापेना. हेडभोवती ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळली, तेव्हा तापमान नव्वदच्या पुढे गेलं. मोजायला फाउंड्रीत काम करणाऱ्या मित्राची इन्फ्रारेड गन आणली होती. कोविडमध्ये घरोघरी आलेल्या कपाळाच्या गन इथे कामाच्या नाहीत, त्या चाळिशीच्या थोड्या पुढेच थांबतात. आणि चकचकीत धातूवर कुठलीही गन कमी आकडा दाखवते. म्हणून प्लगच्या बुडाशी, हेडच्या खोलगट जागेत नेम धरावा.

ट्यूनिंगचे दोन स्क्रू महत्त्वाचे: हाय स्पीडची सुई आणि लो स्पीडची. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की इंधन कमी, उलट फिरवलं की जास्त. एका वेळी एक अष्टमांश वळसा, त्याहून जास्त नाही, आणि नंतर गाडी पळवूनच पुढचा निर्णय. आधी हाय स्पीड बसवायचा, मग लो. पूर्ण थ्रॉटलला धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. धूर गायब आणि आवाज तीक्ष्ण झाला की मी लगेच थांबतो. गन नसेल तेव्हा हेडवर पाण्याचा थेंब टाकायचा: तीन-चार सेकंदांत चुरचुरत आटला तर ठीक, टाकताच उडाला तर इंजिन फार तापलंय. लो स्पीडसाठी कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबायची. इंजिन जरा चढून दोन-चार सेकंदांत बंद पडलं तर जमलं. थ्रॉटल सोडल्यावर वेग उतरायला वेळ लागत असेल तर मिश्रणात इंधन कमी आहे. गार पहाटे हवा दाट असते, सुई किंचित उघडावी लागते. दुपारी तीच किंचित आवळावी लागते. माझं इंजिन शंभर ते एकशेवीस अंशांत खूष असतं.

आवाजामुळे गल्लीत चालवायचा प्रश्नच नाही. रविवारी गोकुळ शिरगावच्या बाजूला मोकळी जागा सापडते. जवळ पाण्याची बादली आणि ओलं पोतं असतंच: मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, पण मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाणी उपयोगी पडतं. बघायला मुलं जमतात. त्यांना मी गाडी दाखवतो, आवडीने समजावतो, पण इंधनाच्या बाटलीला हात लावू देत नाही.

धुळीमुळे फोमचा एअर फिल्टर दर वेळी साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, तेल चोळून बसवतो. खेळून झालं की टाकी रिकामी करायची, नळीतलं इंधन संपेपर्यंत इंजिन चालवायचं, मग कार्ब्युरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात आफ्टर-रन तेलाचे थेंब टाकून फ्लायव्हील फिरवायचं. जळलेल्या नायट्रोच्या अवशेषांतून आम्ल तयार होतं आणि क्रँकची बेअरिंगं गंजतात. आमच्या पावसात तर फारच लवकर. जूनच्या आधी इंजिन काढून, तेल भरून, हवाबंद डब्यात ठेवतो.

एकूण खर्च साडेचौदा हजारांच्या थोडा वर गेला. त्यातला गाडीचा हिस्सा एक तृतीयांशाहून कमी. कुणी नव्याने विचारलं की मी आधी विचारतो, इंधन कुठून आणणार? त्याचं उत्तर हातात असेल तर पुढच्या रविवारी मैदानावर या. माझं जुनं झिजलेलं इंजिन अजून जपून ठेवलंय, नव्याच्या शेजारी ते हाताने फिरवून बघितलं की पिंच म्हणजे काय ते बोटांना कळतं.