मशीन बोललं!

देवबागच्या घरामागे आज दिवसभर होडीचं मशीन उघडून बसलो होतो. सुरू व्हायचं, पण रेस दिली की मान टाकायचं. बाबा म्हणाले, "आधी पेट्रोल बघ." काचेच्या बाटलीत काढून ठेवलं, तर तळाशी पाण्याचा थर वेगळा! इथेनॉलवालं पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि आमचं पावसाळाभर टाकीतच होतं. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, पिवळ्या चिकट घाणीने बुजलेला. तार घातली नाही, तारेने भोक मोठं होऊ शकतं. क्लीनर मारून हवेनेच साफ केला. ताजं पेट्रोल भरलं, पाण्याच्या पिंपात मशीन उभं केलं, दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला धरलं, आणि मागून थंडाव्याच्या पाण्याची सरळ धार सुटली. बाबांनी पाठीवर हात ठेवला. खूप बरं वाटलं. उद्या पहाटे कर्ली खाडीत फेरी.