मॅमोग्राफीला जाताना खांदा सैल ठेवायला शिका

मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीची, तारीख मिळाली की दोन भीती एकदम धरतात. मशीन दाबेल, दुखेल ही एक, आणि ‘काय निंघी माय?’, म्हणजे रिपोर्टात काय निघेल, ही दुसरी. पहिली काही सेकंदांची असते, दुसरी रिपोर्ट हातात येईपर्यंत झोपू देत नाही. सजगतेचा सराव, म्हणजे आत्ता अंगाला काय जाणवतंय तिकडे लक्ष देणं, दोन्हींना कामी येतो, पण ‘डोळे मिटा, मन शांत करा’ एवढं सांगून भागत नाही. मन काही शांत होत नाही, मग ‘मला हेही जमेना’ म्हणून बाई आणखी खचते. मन शांत करायच्या नादी लागूच नका. भीती राहू द्या, खांदा तेवढा सैल सोडायला शिका.

खांदाच का, तर सहसा प्रत्येक स्तनाचे दोन फोटो काढतात, एक वरून दाबून आणि एक तिरका. असे एकूण ४. तिरक्या फोटोत काखेकडचा छातीचा स्नायूही दिसावा लागतो. घाबरलं की खांदे आपोआप कानाकडे चढतात आणि हा स्नायू ताठ होतो. मग स्तन प्लेटवर नीट घेता येत नाही, दाब जास्त बोचतो, आणि फोटो हलला तर तो पुन्हा काढावा लागतो.

सराव आठवडाभर आधी सुरू करा, सकाळ-संध्याकाळ ५ मिनिटं. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसा, दोन्ही तळपाय जमिनीला टेकू द्या. आधी फक्त तळपायांकडे लक्ष द्या: फरशी गार आहे की तापलेली, टाचेवर भार जास्त की बोटांवर. मग ४ आकडे मोजत श्वास आत घ्या, ६ मोजत सोडा, असं १० वेळा. श्वास सावकाश सोडला की हृदयाची धडधड थोडी उतरते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. शेवटी श्वास घेताना खांदे वर उचला, सोडताना धपकन खाली टाका. हे ५ वेळा. मध्येच ‘गाठ निघाली तर?’ आलं, तर मनात ‘काळजी आली’ एवढं म्हणा आणि परत तळपायांकडे या. शंभरदा आलं तर शंभरदा परत या. सराव तोच आहे.

बोटांना मुंग्या आल्या किंवा गरगरलं, तर तुम्ही श्वास फार खोल आणि भराभर घेताय. नेहमीसारखा श्वास घ्या. डोळे मिटल्यावर भीती वाढत असेल तर उघडे ठेवा आणि समोरच्या एकाच वस्तूकडे पाहा.

हा सराव फक्त शांत खोलीत केला तर दवाखान्याच्या बाकावर आठवत नाही. चोपडा, रावेरहून जळगावला येणाऱ्यांना त्यासाठी एसटीचा प्रवास चांगला: पायाखाली इंजिनाची थरथर असते, तिच्यावर लक्ष ठेवायचं. सोबत कुणाला न्यायचं तेही ठरवून घ्या. ‘आमच्या अमकीलाही असंच झालं होतं’ सांगणारी नणंद मायाळू असली तरी त्या दिवशी नको.

उपाशी जाऊ नका. तपासणी म्हटलं की पुष्कळ जणी पोटात काही न घालता निघतात. या तपासणीला त्याची गरज नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात रिकाम्या पोटी चक्कर येते आणि ती भीतीच्या खात्यात जमा होते. भाकरी खाऊन निघा, चहा एखादा कप कमी घ्या. घाम कितीही येवो, त्या दिवशी काखेत आणि छातीवर पावडर, डिओ लावू नका; त्याचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, आणि असे ठिपकेच या तपासणीत शोधतात. पाळी येत असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यातली तारीख घ्या, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. साडी किंवा सलवार-कुर्ता घाला, म्हणजे फक्त वरचे कपडे काढावे लागतात. जुने फोटो आणि रिपोर्ट सोबत न्या.

मशीनपुढे उभं राहिल्यावर सांगा, ‘ताई, दाबायच्या आधी मला सांगा.’ यात कसला संकोच? त्यांचंही काम सोपं होतं. फोटो घेताना श्वास रोखायला सांगतात. नुसत्या श्वासावर सराव केलेली बाई इथे गडबडते, म्हणून लक्ष तळपायांवर ठेवा, खांदा खाली सोडा. दाब सोसवेना तर ‘थांबा’ म्हणा. सरावाने दाब कमी होत नाही, त्याच्याशी झुंजणं कमी होतं.

एक मात्र ध्यानात ठेवा: हाताला गाठ लागत असेल, बोंडातून रक्त येत असेल किंवा कातडी आत ओढली गेली असेल, तर सरावासाठी आठवडा घालवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

रिपोर्टची वाट पाहणं सगळ्यात अवघड. तो कधी मिळेल हे निघतानाच विचारा. तारीख माहीत असली की रोज फोनकडे बघत बसावं लागत नाही. रात्री झोप मोडली तर पडल्या पडल्या तोच सराव करा, टाचा गादीला टेकलेल्या जाणवू द्या. रिपोर्टवर ‘बायरॅड्स’ (फोटोत काय दिसलं ते आकड्यात सांगायची पद्धत) आणि एक आकडा असतो. १ म्हणजे काही दोष दिसला नाही, २ म्हणजे दिसलं ते साधं आहे. ० दिसला की कुणी ‘काहीच नाही’ समजून गप्प बसतं, कुणी हाय खातं. ० चा अर्थ फोटो पुरेसे नाहीत, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी, किंवा जुने फोटो शेजारी ठेवून बघायचे आहेत. असं पुन्हा बोलावलेल्या बहुतेक जणींना कॅन्सर निघत नाही. पण जायचं टाळू नका, पुढची तारीख त्याच दिवशी घेऊन घरी निघा.