टपाल राखून ठेवावे, ही विनंती

महिनाभर लेकीकडे बंगळूरला जायचे ठरले, तेव्हा दूधवाला, पेपरवाला आणि कामाच्या बाई यांना सांगून झाल्यावर जिन्याखालच्या टपालपेटीकडे लक्ष गेले. पेपर बंद करता येतो. टपाल बंद करता येत नाही, कारण ते पाठवणाऱ्यांना आपण गावाला गेल्याचा पत्ताच नसतो. गिरगावच्या चाळीत हा प्रश्न कधी पडला नाही. पोस्टमन शेजारच्या काकूंकडे पत्रे देई, काकू ती देव्हाऱ्यातल्या गणपतीमागे ठेवत, आणि पोस्टकार्ड असेल तर आम्ही परतल्यावर ते हातात देण्याआधीच त्यातला मजकूर तोंडी सांगून टाकत. पार्ल्याच्या इमारतीत मात्र पंधरवड्यात पेटीच्या फटीतून पाकिटांची टोके डोकावू लागतात आणि वर घराला कुलूप आहे ही बातमी खालच्या खाली जाहीर करतात.

म्हणून पोस्टमास्तरांच्या नावे अर्ज लिहिला. फोर्टमधल्या जीपीओच्या भव्य घुमटाखाली, १९१३ सालच्या त्या वास्तूत, असा अर्ज द्यायला मला मनापासून आवडले असते. पण पत्र जिथून बटवड्याला निघते तिथेच ते थांबवता येते. ते ठिकाण कोणते, हे आपला पिनकोडच सांगतो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकड्यांची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी; मोजक्या अक्षरांत नेमका अर्थ बसवण्याची सवय त्यांना तिथूनच असावी, असे मला उगाच वाटते. ४०००५७ यातले पहिले तीन आकडे पत्राला मुंबईत आणतात आणि उरलेले तीन त्याला माझ्या पोस्टाच्या दारात उभे करतात.

खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, “परत कधी येणार, ती तारीख घाला. आणि स्पीड पोस्ट सहीचं असतं, ते फार दिवस ठेवता येत नाही. पाठवणाऱ्याकडे परत जातं.” मी तारीख घातली. लेकीने चारदा विचारूनही जी तिला सांगितली नव्हती, ती टपाल खात्याला सहीनिशी लिहून दिली.

परतल्यावर पोस्टमनने सुतळीने बांधलेला गठ्ठा हातात ठेवला. बँकेचे पत्र, विम्याच्या हप्त्याची सूचना, विजेचे बिल, एका कंपनीचा जाडजूड वार्षिक अहवाल. प्रत्येकावर माझे नाव छापील, त्यात दोन ठिकाणी आडनाव चुकलेले. सगळ्यांत वर माझाच अर्ज होता, कोपऱ्यात लाल शाईने ‘थांबवणे’ असा शेरा मारलेला. महिनाभराच्या टपालात हाताने लिहिलेला कागद तेवढाच.