तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या बेस गिटारला डोकं का नाही?

कार्यक्रम संपला की कोणी ना कोणी जवळ येऊन विचारतंच, "याचं वरचं टोक तुटलंय का?" जे स्वतः वाजवतात त्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो: "वेगळा दिसतो म्हणून घेतलात, की खरंच काही फरक पडतो?" सामान आवरता आवरता याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे नीट लिहितो.

फरक पडतो. आणि तो कानाच्या आधी खांद्याला कळतो.

नेहमीच्या बेसची नेक, म्हणजे मान, लांब असते, तिच्या टोकाला हेडस्टॉक, म्हणजे डोकं, आणि त्यावर तारा सुरात लावायच्या चार जाडजूड धातूच्या चाव्या. हे वजन फार नसतं, पण ते अगदी टोकाला असल्यामुळे त्याची ओढ मोठी असते. पट्टा खांद्यावर घेऊन दोन्ही हात सोडले की अनेक बेसची नेक हळूहळू जमिनीकडे झुकू लागते. वादक याला नेक डाइव्ह म्हणतात. मग ज्या डाव्या हाताने फक्त तारा दाबायच्या, तोच हात नकळत नेक उचलूनही धरतो. दोन तास वाजवल्यावर मनगट आणि खांदा का भरून येतो, हे कित्येकांना वर्षानुवर्षं उमगत नाही; सगळा दोष ते आपल्या रियाजाला देत बसतात. बांधणी चांगली असेल तर हेडलेस, म्हणजे डोकं नसलेला, बेस ज्या कोनात ठेवाल त्या कोनात राहतो. अंगठ्याचा दाब आपोआप कमी होतो आणि हात खालून वर, वरून खाली सहज सरकतो. मला या वाद्याची ओढ लागली ती इथे.

हे ज्याला सुचलं तो वादक नव्हता, फर्निचर डिझायनर होता. नेड स्टाइनबर्गर. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये तो लाकूडकाम करायचा. गिटार बनवणारा स्टुअर्ट स्पेक्टर तिथेच होता, आणि त्याच्यासाठी १९७७ मध्ये नेडने अंगाला बसेल अशी वळणदार बॉडी आखून दिली. स्पेक्टरचे एनएस बेस त्यातूनच आले. पण तोल आणि आवाज हे प्रश्न नेडच्या डोक्यातून गेले नाहीत. तारेचा सूर नट (नेकच्या टोकाची तारांची टेकू-पट्टी) आणि ब्रिज (बॉडीवरचा तारांचा टेकू) यांच्यामध्ये घडतो. नटच्या पलीकडचा भाग फक्त चाव्यांना जागा देण्यापुरता. मग त्या चाव्या दुसऱ्या टोकाला, ब्रिजच्या मागे, का नकोत? हेडस्टॉक गेला, पाठोपाठ बॉडीचा बहुतेक पसाराही गेला, आणि लाकडाच्या जागी कार्बन फायबर आणि इपॉक्सी आलं. हा एल२ बेस लांबीला मीटरभराच्या आत, पण तारेची लांबी मात्र नेहमीचीच, ३४ इंच. १९८१ मध्ये त्याला अमेरिकेतल्या औद्योगिक डिझायनरांच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला. रश या रॉक बँडचा गेडी ली, स्टिंग, टोनी लेव्हिन अशा वादकांनी तो वाजवला, त्यामुळे ही केवळ प्रदर्शनात मांडायची वस्तू नव्हती हे उघड आहे.

आता आवाजाकडे येतो, कारण जाणकारांचा खरा आक्षेप तिथे असतो. "डोकं काढलं की सस्टेन, म्हणजे सुराचा टिकाव, वाढतो" असं सरसकट विधान मी करणार नाही. पण डेड स्पॉट, म्हणजे सूर लवकर विरतो अशी जागा, ही गोष्ट कोणीही आपल्या कानांनी तपासू शकतो. साधा लाकडी बेस घ्या, 'जी' (G) या सर्वांत बारीक तारेवर चौथ्या फ्रेटपासून (नेकवरची आडवी धातूची पट्टी) आठव्यापर्यंत एकेक सूर तितक्याच जोराने छेडा आणि विरेपर्यंत थांबा. बहुतेक वेळा पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर शेजारच्या सुरांपेक्षा खूप लवकर मावळतो. तार ठीक असते, फ्रेटही ठीक असतो. नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि ती नेमकी त्या सुराच्या आसपास येते, म्हणून तारेची ऊर्जा नेक शोषून घेते. टोकाला वजन असलं की ती कंपनसंख्या खाली उतरते. वजन काढलं आणि नेक अधिक ताठ केली की ती वर सरकते. लाकडी हेडलेसमध्ये डेड स्पॉट पुसला जाईलच असं नाही, कधी तो फक्त जागा बदलतो. कार्बन फायबरची नेक मात्र इतकी ताठ असते की एल२ वर सगळे सूर जवळजवळ सारखेच टिकतात. काहींना हाच समानपणा कोरडा वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो: जसं बोट पडेल तसा सूर.

तारा बदलणं हे वेगळंच सुख आहे. स्टाइनबर्गर पद्धतीच्या तारांना दोन्ही टोकांना धातूची गोळी असते. एक गोळी नटमागच्या खाचेत, दुसरी ब्रिजच्या जबड्यात, मग मागची गोल चावी फिरवायची. ही चावी तारेला सरळ रेषेत मागे खेचते. खुंटीभोवती वेढे नाहीत, त्यामुळे ते सैल पडून तार उतरत नाही.

गिटारमध्ये याच घराण्याची सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे ट्रान्सट्रेम. साध्या ट्रेमोलोचा, म्हणजे तारांचा ताण कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेचा, दांडा दाबला की प्रत्येक तार वेगवेगळ्या प्रमाणात उतरते आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) विस्कटते. नेडच्या ट्रान्सट्रेममध्ये सगळ्या तारा एकाच अंतराने उतरतात किंवा चढतात, कॉर्ड अखंड राहते, आणि दांडा ठरावीक स्वरावर अडकवूनही ठेवता येतो. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने १९८६ च्या '५१५०' अल्बममध्ये तो वापरला. गिटारवादक अॅलन होल्ड्सवर्थही स्टाइनबर्गर गिटार वाजवायचा.

१९८७ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीने नेडची स्टाइनबर्गर कंपनी विकत घेतली. पुढे त्या दशकाची फॅशन ओसरली तशी ही वाद्यंही मागे पडली, आणि याचं मला आजही वाईट वाटतं, कारण कल्पना फॅशनपेक्षा कितीतरी मोठी होती. नंतर स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्गने तिला पुन्हा जीव दिला: हलकी लाकडी बॉडी, तिरपे फ्रेट, आणि पाठीमागून गोल नसून सपाट पैलू पाडलेली नेक.

गैरसोयी आहेत. दोन गोळ्यांच्या तारा सगळीकडे मिळत नाहीत. साध्या तारा लावायच्या तर नटमागे स्क्रूने आवळाव्या लागतात, त्यासाठी अॅलन की (षटकोनी पाना) जवळ हवी. जाड तारेची चावी पूर्ण ताणावर बोटांना जड जाते. क्लिपचा ट्यूनर (सूर तपासायचं यंत्र) अडकवायला जागा नाही, आणि भिंतीवरच्या साध्या हँगरवर हे वाद्य टांगता येत नाही.

"मग आम्हीही घ्यावा का?" असं विचाराल तर फोटो बघून ठरवू नका. पट्टा लावून उभे राहा, दोन्ही हात सोडा, नेक कुठे जाते ते पाहा. मग 'जी' (G) तारेवर चौथ्यापासून आठव्या फ्रेटपर्यंत सावकाश जा आणि प्रत्येक सूर पूर्ण विरू द्या. शेवटी एक तार स्वतः काढून परत चढवा. तुमचा आत्ताचा बेस शेजारी ठेवून हेच सगळं त्याच्यावरही करा.