आमची वाटचाल: भेटीआधीची ओळख

आम्ही आध्यात्मिक मार्गदर्शकांचे ऑनलाइन परिचय लिहून देतो. आम्ही दोघी आणि लागेल तेव्हा एक छायाचित्रकार, एवढाच आमचा व्याप.

सुरुवात एका बाईंपासून झाली. अनेक वर्षं त्या लोकांसोबत बसून त्यांचं ऐकत होत्या. त्यांचा परिचय ऑनलाइन होताच. पदव्या, प्रशिक्षण, घेतलेली शिबिरं आणि शेवटी ‘संपर्क साधावा’. कोणी संपर्क साधत नव्हतं. आम्ही तेव्हा मिळेल त्या व्यवसायासाठी मजकूर लिहायचो. बाईंनी विचारलं म्हणून फोनवर बोलायला बसलो. बोलण्याच्या ओघात त्या म्हणाल्या, “माझ्याकडे येताना काय बोलायचं ते ठरवून यावं लागत नाही. पहिली पाच मिनिटं आम्ही दोघंही गप्पच असतो.” मी ते वाक्य वहीत उतरवलं आणि परिचयात सगळ्यात वर ठेवलं. पदव्या खाली गेल्या. पुढच्या महिन्याभरात तीन जणांनी त्यांना लिहिलं, आणि तिघांनीही त्या पाच मिनिटांबद्दल विचारलं होतं. तेव्हापासून आमची बाकीची कामं हळूहळू सुटत गेली.

‘मार्गदर्शक’ या शब्दानेच पुष्कळ घोटाळा होतो. वाचणाऱ्याला वाटतं, इथे कोणी गुरू असेल, उपदेश करेल, काय करायचं ते सांगेल. प्रत्यक्षात हे काम ऐकण्याचं आहे. साधारण महिन्यातून एकदा, तासभर. समोरच्याच्या आयुष्यात ईश्वर कुठे, कसा जाणवतो आहे किंवा जाणवेनासा झाला आहे, याकडे दोघांनी मिळून पाहायचं. ही रीत फार जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती साधकांकडे लोक चालत जायचे आणि ‘मला एक शब्द द्या’ म्हणायचे. आज बरेच जण स्वतःला ‘सोबती’ म्हणवणं पसंत करतात. आम्ही दोन्ही शब्द वापरतो, कारण शोधणारा माणूस जुनाच शब्द टाइप करतो.

आमची पहिली मोठी चूक आश्वासनाची होती. एका मार्गदर्शकांच्या परिचयात आम्ही लिहिलं, ‘तुम्हाला मनःशांती लाभेल.’ त्यांनी ते वाक्य खोडलं आणि आम्हाला बसवून सोळाव्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांच्याविषयी सांगितलं. त्यांच्या साधनापद्धतीला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. तीस दिवसांची ही साधना करवून घेणाऱ्याने एका बाजूला झुकू नये, तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहावं आणि निर्माता व साधक यांच्यातला व्यवहार थेट होऊ द्यावा, अशी त्यात सूचना आहे. “शांती देणारी मी कोण?” असं त्यांनी विचारलं. “कधी कधी माणूस माझ्याकडून जास्त अस्वस्थ होऊन जातो आणि तेच त्याला हवं असतं.” त्या दिवसापासून परिणामांची हमी आम्ही लिहीत नाही. ‘इथे घाई नसते’, ‘तुमच्या शंका चालतात’, ‘श्रद्धा नसली तरी या’ अशी वाक्यं लिहितो, तीही त्या माणसाच्या बाबतीत खरी असतील तरच.

दुसरी चूक अजून बोचते. दुकानांसाठी लिहायची सवय होती, म्हणून एका परिचयात एका साधिकेचा अभिप्राय टाकला. नाव बदललं होतं, परवानगी मार्गदर्शकांनी तोंडी घेतली होती. तरी त्या साधिकेने तो वाचला तेव्हा तिला उघडं पडल्यासारखं वाटलं. तिने भेटी थांबवल्या. ती तक्रार घेऊन आली नाही. ती फक्त यायची थांबली, आणि ते जास्त वाईट होतं. परवानगी मागणारा माणूस आपलं सगळं ऐकून घेणाराच असेल तर ‘नाही’ म्हणणं किती अवघड असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. आता अभिप्राय नाहीत, नाव न देताही नाहीत. त्याजागी गोपनीयतेचं एक साधं वाक्य असतं, आणि जीवाला धोका असेल तेव्हा ती का पाळता येत नाही, तेही.

पदव्या खाली नेल्या, पण काढल्या नाहीत. स्पेनमधल्या ख्रिस्ती संत, अविलाच्या तेरेसा यांनी सोळाव्या शतकात लिहून ठेवलं आहे की अर्धवट शिकलेल्या धर्मगुरूंनी त्यांचं बरंच नुकसान केलं. म्हणून प्रशिक्षण कुठलं, कोणत्या परंपरेतलं, हे लिहितो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो मार्गदर्शक स्वतः कोणाकडे जाऊन आपल्या कामाविषयी बोलतो का, हे लिहितो. चांगले मार्गदर्शक जातातच, फक्त ते सांगावं असं त्यांना सुचत नाही. हे समुपदेशन किंवा उपचार नव्हेत, हेही स्पष्ट लिहितो. नैराश्याच्या खोल गर्तेतल्या माणसाने योग्य मदतीपर्यंत उशिरा पोहोचू नये.

मानधन आकड्यात लिहावं, कमी देऊ शकणाऱ्यांसाठी काय सोय आहे तेही लिहावं. फोटो साधा असावा, कॅमेऱ्याकडे पाहणारा. पहिली भेट एकमेकांना जोखण्यापुरती असेल तर तसं म्हणावं.

आमची पद्धत आता ठरून गेली आहे. लिहिण्याआधी तासभर बोलणं ध्वनिमुद्रित करतो. ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं की लोक पुस्तकी बोलायला लागतात. म्हणून विचारतो, ‘कोणी रडायला लागलं तर तुमचे हात काय करतात?’ एक जण थोडा वेळ थांबून म्हणाले, “काहीच नाही. मांडीवर असतात. रुमालाची पेटी मात्र त्यांच्या बाजूला ठेवलेली असते.” त्यांच्या परिचयाचा दुसरा परिच्छेद तिथून आला. मग मसुदा मोठ्याने वाचून दाखवतो. जिथे त्यांना स्वतःचा आवाज परका वाटतो, तिथे पुन्हा लिहितो.

परवा त्या पहिल्या बाईंचा फोन आला. वयामुळे त्या नवीन कोणाला घेणार नाहीत, तेवढी एक ओळ घाला म्हणाल्या. त्या एका ओळीवर आम्ही तीन दिवस घालवले. ‘सध्या जागा नाही’ हे आम्हाला दार आपटल्यासारखं वाटत होतं. शेवटी बाईंनीच फोनवर सांगितलं आणि आम्ही जसंच्या तसं लिहून घेतलं: ‘मी आता नवीन भेटी घेत नाही. पण तुम्ही कोणाला तरी शोधत इथवर आला आहात. मला लिहा, तुमच्यासाठी कोण योग्य ते पाहू.’