पाच नंबरची नळी

एप्रिलची दुपार, यावल तालुका. उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. अकरावीची राहिलेली प्रात्यक्षिकं उरकायला मुलांना थांबवलं आणि नेमकी लाइट गेली. पेप्सिनला, म्हणजे जठरात प्रथिनं पचवणाऱ्या विकराला (एन्झाइमला), ३७ अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि वॉटर बाथ बंद. शिपाईमामांनी गच्चीवरच्या टाकीचं पाणी बादलीत आणलं. थर्मामीटर बुडवला, ३९! काम झालं.

अंड्याचा पांढरा भाग पाण्यात फेटून उकळला, की दुधासारखा दिसतो. तो चार नळ्यांत ओतला. पहिलीत नुसतं पेप्सिन, दुसरीत नुसतं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, तिसरीत दोन्ही, चौथीत आम्ल आणि उकळून घेतलेलं पेप्सिन. आठेक मिनिटांत तिसरी अशी निवळली, की मागे धरलेल्या वहीच्या रेघा दिसायला लागल्या. म्हणजे अंड्यातलं प्रथिन पचलं ते तिथेच. बाकीच्या तिन्ही दुधाळच.

पुस्तकातलं प्रात्यक्षिक इथे संपतं. पण वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा मागून म्हणाला, "सर, मना आजा रोज जेवण झायं का सोडा पेस. मग?"

मला इतका आनंद झाला! गेटसमोरच्या भजीवाल्याकडून खाण्याचा सोडा मागवला. पाचव्या नळीत पेप्सिन, आम्ल आणि वर सोडा. नळी फसफसली, लाल लिटमस निळा झाला. वीस मिनिटं थांबलो. दुधाळच.

"आता परत आम्ल टाकलं तर?"

हे मी कधीच करून पाहिलं नव्हतं. टाकलं. लिटमस लाल झाला, नळी मात्र तशीच. अल्कलीत पेप्सिनची घडी, म्हणजे त्याच्या रेणूचा आकार, मोडते ती मोडतेच. मग त्याच नळीत ताजं पेप्सिन घातलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती निवळत गेली.

त्याला समजावलं: जठर पेप्सिनोजेन नव्याने सोडत राहतं, आम्लात त्याचंच पेप्सिन होतं, प्रथिनांचं उरलेलं काम लहान आतड्यात ट्रिप्सिनसारखी विकरं करतात. म्हणून आजोबांचं जेवण वाया जात नाही. पण रोज सोडा लागण्याइतकी जळजळ होत असेल, तर त्यांना डॉक्टरकडे ने.

त्याने मान हलवली. जर्नलच्या छापील तक्त्यात चारच रकाने होते. पट्टी घेऊन तो पाचवा आखत बसला.