पायऱ्यांची वही : पर्वतीची तिसरी फेरी

पुण्यातील सार्वजनिक पायऱ्या चढून त्यांची नोंद ठेवण्यास आरंभ करून चार महिने झाले असून वहीत आतापर्यंत ओंकारेश्वराचा घाट, चतुःशृंगी आणि पर्वती ही तीन ठिकाणे उतरली आहेत. चढताना आणि उतरताना आलेली संख्या जुळली तरच ती शाईने लिहायची, एरवी पेन्सिलने, हा नियम मी पहिल्याच दिवशी घालून घेतला होता.

चतुःशृंगीची नोंद पहिल्याच फेरीत शाईने झाली. ओंकारेश्वराची मात्र पेन्सिलनेच राहील असे दिसते, कारण घाटाच्या खालच्या पायऱ्या मुठेच्या पाण्यावर अवलंबून असतात आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की त्या दिसेनाशा होतात. तेथे संख्येशेजारी तारीख लिहिणे मला आवश्यक वाटते. नदीकाठच्या घाटांची नोंद ठेवणाऱ्या सर्वांनी हे करावे, असे माझे मत आहे.

पर्वतीवर मी तिसऱ्यांदा गेलो. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले देवदेवेश्वराचे मंदिर १७४९ सालचे. तेथवर नेणाऱ्या पायऱ्या १०३, हा आकडा पुण्यात लहान मुलांनाही पाठ असतो. मला तो आजीने सांगितला होता. सहा-सात वर्षांचा असताना तिचे बोट धरून मी मोजत चढलो, तेव्हा माझी संख्या दोनशेच्या वर गेली आणि मी रडकुंडीला आलो. आजी म्हणाली, “अरे, पावलं कसली मोजतोस, दगड मोज!” पर्वतीच्या पायऱ्या उंचीला बसक्या आणि पुढे-मागे ऐसपैस असल्यामुळे माझी प्रत्येक पायरीवर दोन-दोन पावले पडत होती, हे त्या एका वाक्याने कळले. वहीत मी अजूनही पावले आणि दगड यांचे वेगळे रकाने ठेवतो.

या पायऱ्यांना सार्वजनिक म्हणताना मात्र माझी लेखणी थोडी अडते. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह करत येथे आले, तेव्हा त्यांना दार बंद मिळाले आणि दगडांचा मार खावा लागला. पर्वतीच्या पानावर १०३ या आकड्याखाली ही तारीखही मी शाईने लिहिली आहे.

पहिल्या दोन फेऱ्यांत संख्या जुळली होती, तरी उजवा गुडघा का दुखतो हे उमगत नव्हते. या वेळी पावलांकडे लक्ष देऊन चढलो आणि कारण सापडले. रुंद पायरीवर उजवे पाऊल वर पडते, डावे त्याच दगडावर पुढे येते आणि पुढची पायरी पुन्हा उजव्यानेच चढावी लागते. अशा रीतीने शरीराचा भार उचलण्याचे काम सगळा वेळ एकाच पायाकडे राहते. चतुःशृंगीवर असे झाले नव्हते, कारण तेथे एका पायरीवर माझे एकच पाऊल पडत होते.

आजी जिथे जागा सपाट होई तिथे दोन्ही पाय जुळवून क्षणभर उभी राहत असे. तिला दम लागला असेल किंवा ती वरच्या देवाला हात जोडत असेल, असे मी समजत होतो. त्यानंतर ती दुसऱ्या पायाने चढू लागे, हे मी पाहिले होते. फक्त त्याचा अर्थ मला लागला नव्हता. या फेरीत प्रत्येक सपाट जागी मी तसाच थांबलो आणि पाय बदलून पुढे निघालो. गुडघा दुखला नाही. चढताना १०३, उतरताना १०३.